इराणमध्ये बायकांचं गाणं संपलं? नाही!

१९७९च्या इस्लामी क्रांतीनंतर इराणमध्ये बायकांचं गाणं कायमचं बंद पडलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. बंदी आहे ती पुरुष श्रोत्यांसमोर बाईने एकटीने गाण्यावर. फक्त बायकांसाठीच्या मैफिली होतात, वृंदगानात बायकांचे आवाज असतात. बंदी जाचक आहेच, पण तिने गळे मुके झाले नाहीत.

गायिका परिसा यांचंच बघा. मूळ नाव फातिमा वाएजी, जन्म १९५०. महमूद करीमी या उस्तादांकडे त्या 'रदीफ', म्हणजे पारंपरिक सुरावटींचा संच, शिकल्या. आपल्या बंदिशींसारखा तोही गुरुमुखातूनच घ्यायचा. त्यातली 'तहरीर' सर्वांत अवघड: शब्द सरतो आणि त्याच श्वासात गळा खालच्या-वरच्या आवाजात झरझर ये-जा करतो, अगदी बुलबुलासारखा. हे कागदावरून येत नाही, समोर बसूनच द्यावं लागतं. क्रांतीनंतर रंगमंच गेला, तेव्हा परिसा यांनी नेमकं हेच केलं, शिकवत राहिल्या. पुढे परदेशांत मैफिलीही केल्या.

डिसेंबर २०२४मध्ये गायिका परस्तू अहमदी एका जुन्या कारवाँसराईत (प्रवासी तांड्यांच्या मुक्कामाच्या वास्तूत), समोर श्रोते नसताना, हिजाबाविना गायल्या आणि ती मैफल यूट्यूबवर आली. त्यांना अटक झाली, मग सुटका. लाखो लोकांनी ती मैफल ऐकली.