दोडका धरत का नाही?

यंदा पावसाच्या तोंडावर मुलुंडच्या आमच्या घरी खिडकीच्या ग्रिलवर दोडक्याचा वेल चढवला. वेल जोमाने वाढला. रोज संध्याकाळी पिवळी फुलं उमलायची, फुलामागे बोटाएवढा दोडकाही दिसायचा आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. मला वाटलं, खत कमी पडतंय. सासूबाई अलिबागकडच्या. त्यांनी वेल नीट पाहिला आणि म्हणाल्या, "खत नको गं घालूस. नर फूल तोड आणि याच्यावर टेकव."

दोडक्याची नर फुलं घोसाने येतात. मादी फूल एकटं असतं, त्याच्या बुडाशी इवलासा दोडका असतो. त्या संध्याकाळी तीन मादी फुलांवर नर फुलातले पराग हलकेच फिरवले. त्यातले दोन दोडके धरले. "आमच्या मांडवाला असं कधी कुणी करत बसलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "रात्रीची पाखरं यायची, ती करायची."

रात्रीची पाखरं म्हणजे पतंग. दोडका, दुधी यांची फुलं दिवस कलल्यावर उघडतात, त्यामुळे संध्याकाळी आणि रात्री फिरणाऱ्या कीटकांवर त्यांची बरीच भिस्त असते. आमच्या खिडकीसमोर मात्र दहा फुटांवर सोसायटीचा पांढराशुभ्र एलईडी दिवा आहे. पतंग दिव्यावर भाळून जीव देतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणातून वेगळंच दिसलं. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण निसर्गात रात्रीही उजेडाची बाजू म्हणजे आभाळ. शेजारी दिवा असला की त्याची वर-खालीची जाणच बिघडते आणि तो दिव्याभोवती अडकून पडतो. रात्रभर तसाच गरगरतो. फुलापर्यंत पोचणार कधी? इंग्लंडच्या दक्षिण भागात २०२१ साली पाहणी झाली, तेव्हा दिव्यांखालच्या रस्त्याकडेच्या कुंपणझुडपांत पतंगांच्या अळ्या अंधाऱ्या भागापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी भरल्या. पांढऱ्या एलईडीचा त्रास जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा जास्त होता. २०१५ साली मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे लागले तेव्हा केवढा वाद झाला होता! पण तो राणीच्या हाराच्या शोभेपायी.

कीटक कमी होण्यामागे दिवा हे एकच कारण नव्हे. जर्मनीत क्रेफेल्ड इथल्या हौशी कीटक अभ्यासकांनी २७ वर्षं, ६३ संरक्षित जागी तंबूसारखे सापळे लावून त्यात आलेल्या उडत्या कीटकांचं वजन केलं. २०१७ साली आकडे प्रसिद्ध झाले: वजन पाऊण हिश्शाहून जास्त घटलं होतं, तेही राखीव निसर्गात. कीटकनाशकं, एकच पीक असलेली शेती, मोकळ्या रानाचे तुकडे पडणं, वाढता उष्मा, सगळ्यांचा वाटा कमी-अधिक. मात्र २०२० साली जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटताना दिसले, तर गोड्या पाण्यातले ११ टक्क्यांनी वाढताना. जिथे नद्या स्वच्छ केल्या, तिथे ते परतत असावेत. मला यात मोठा धीर वाटतो.

"किडे कमी झाले तर बरंच की, मुंबईत डास काय कमी आहेत?" हे मला हमखास ऐकावं लागतं. पण आधी डास जात नाहीत. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून पुरता वाढून उडतो. त्याच्या अळ्या खाणाऱ्या चतुराच्या पिल्लांना पाण्यात कित्येक आठवडे, काहींना महिने काढावे लागतात, आणि तेवढे दिवस टिकणारं, घाण नसलेलं तळं लागतं. तळं बुजवलं की चतुर संपतो, डासाला बाटलीचं बूचही पुरतं.

आणि ताटाचं काय? तांदूळ, गहू, ज्वारीचं कीटकांवाचून चालतं, पोट भरेल. पण जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना थोडीफार तरी परागवाहक प्राण्यांची, म्हणजे बहुतेक कीटकांची, मदत लागते. वांग्याच्या फुलातले पराग नळीत कोंडलेले असतात, बाहेर पडायला टोकाला फक्त बारीक भोक. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा ते मिठासारखे खाली झडतात. मधमाशीला हे जमत नाही. आणि ज्या हापूसची आपण वर्षभर वाट पाहतो, त्याच्या मोहोरावर सर्वांत जास्त राबतात त्या साध्या माश्या! मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे मारायला ऐन फुललेल्या मोहोरावर फवारा मारला, तर त्याही मरतात.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी खिडकीसमोरच्या त्या दिव्याचा विषय काढला. चोरीची भीती दोघांनी बोलून दाखवली, ती खोटी नाही. शेवटी ठरलं की दिवा राहील, पण बल्ब पिवळा आणि वर टोपी, म्हणजे उजेड वाटेवरच पडेल. परवा ते काम झालं. वेलावर आज सात फुलं आहेत, त्यातली दोन मादी. त्यांना मी हात लावलेला नाही.