पार्श्वभूमी: भाकरी महाग आणि पोळी स्वस्त कशी झाली

कमी पैशात घरी चांगलं जेवण कसं करावं, याची चर्चा बहुतेक वेळा भाजी कुठली आणावी, तेल किती वापरावं इथे सुरू होते. पण महाराष्ट्रातल्या कष्टकरी घराचा हिशेब धान्यापासून सुरू होतो. धान्य बदललं की कालवण बदलतं, आणि कालवण बदललं की महिन्याचा खर्च.

देशावर आणि मराठवाड्यात गहू-तांदूळ हे सणासुदीचं खाणं होतं. पुरणपोळी सणाला, भात पाहुण्यांना. रोजच्या ताटात ज्वारी किंवा बाजरी, डोंगराळ भागात नाचणी किंवा वरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत रेशन आलं, पण खेड्यातल्या चुलीला तेव्हा त्याची फारशी झळ लागली नाही.

खरा बदल 1960 नंतरचा. 1956च्या करारानंतर अमेरिकेतून सवलतीचा गहू येऊ लागला होता. पुढे 1965-66 सालच्या टंचाईत आधारभूत भाव, सरकारी खरेदी आणि गोदामं अशी व्यवस्था उभी राहिली, ती मुख्यतः गहू आणि तांदळासाठी. ज्वारीला हमीभाव जाहीर व्हायचा, पण गहू-तांदळाच्या मानाने तिची सरकारी खरेदी फार कमी व्हायची. जे सरकार खरेदी करतं तेच रेशनवर येतं, आणि जे रेशनवर येतं तेच गरिबाच्या डब्यात.

मधे 1972चा दुष्काळ येऊन गेला. त्या वेळी रेशनवर आली ती मिलो, म्हणजे परदेशातून आणलेली लाल ज्वारी. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांसाठी पिकतं, ही गोष्ट गावोगाव पोचली आणि मनाला लागली. मिलोने माणसं जगवली, हे मान्यच करायला हवं. पण दुष्काळी कामावरून येऊन ती भाकरी खाल्लेल्या पिढीच्या मनात ‘रेशनची ज्वारी’ या शब्दांना जी कडू चव राहिली, ती कधी पुसली गेली नाही. पुढच्या काळात रेशनवर ज्वारी हवी असा आग्रह फारसा धरला गेला नाही, त्यात या आठवणीचाही वाटा असावा असं मला वाटतं.

इथे एका शब्दाने मोठा घोळ घातला आहे: ‘भरड धान्य’. स्वयंपाकघरात भरड म्हणजे जात्यावर जाडसर दळलेलं. ज्वारीचं पीठ तर चांगलं बारीक असावं लागतं, नाहीतर भाकरी थापताना कडेला चिरते. घरात तिला कुणी भरड म्हटलं नाही. ती जवारी, जोंधळा किंवा नुसतं ‘धान्य’. भरड हे नाव सरकारी कागदांतून आलं आणि त्याने ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांना एका पोत्यात घालून खालच्या पायरीवर बसवलं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यातले भाव पाहा: तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरड धान्य 1 रुपया किलो. कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त ठरली. प्रत्यक्षात दुकानात मिळाले ते गहू आणि तांदूळ. ज्वारी आली तर मधूनमधून, काही जिल्ह्यांत.

मग 2018 साली, मका वगळता, याच धान्यांना सरकारी अधिसूचनेने ‘पौष्टिक तृणधान्य’ म्हटलं गेलं, आणि 2023 साली, तृणधान्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या निमित्ताने, ‘श्री अन्न’. पाच वर्षांत दोनदा बारसं झालं. दरम्यान राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र 1970च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून खाली आलं होतं. नाव वर गेलं, पेरा खाली आला, आणि चांगली मालदांडी ज्वारी कित्येकदा गव्हाहून महाग विकली जाऊ लागली. ज्यांनी ही भाकरी पिढ्यानपिढ्या टिकवली, त्यांच्याच ताटातून ती आधी रेशनने हलवली आणि मग भावाने. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

कालवणाचा मुद्दा यातूनच निघतो. गरम भाकरीबरोबर ठेचा आणि कांदा चालतो, मूठभर बेसनाचं पिठलं पाच जणांना पुरतं. भाताला मात्र पातळ कालवण लागतंच, म्हणजे रोज डाळ. आणि डाळीचीच ओढाताण झाली. 1951 साली देशात माणशी रोज सुमारे 60 ग्रॅम डाळ-कडधान्य उपलब्ध होतं. 2000च्या सुमाराला ते 30 ग्रॅमवर आलं होतं. 2015 साली तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली, तेव्हा आमटीत डाळ शोधावी लागत होती. धान्य जवळजवळ फुकट आणि ते ज्याच्याशी खायचं ते आवाक्याबाहेर, असं हे गणित. गरिबीची रेषाही 1979 साली उष्मांकांवरच आखली गेली: खेड्यात माणशी रोज 2400, शहरात 2100. भात-पोळीने तो आकडा भरतो, डाळ नसली तरी.

दुसरी बाजूही खरी आहे. भाकरीला वेळ लागतो, हात लागतो. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, म्हणून थोडं थोडं दळून आणावं लागतं. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईला कुकरची तिसरी शिट्टी म्हणजे सुटका असते, आणि तिला भाकरीचे गुण ऐकवण्याचा हक्क कुणालाच नाही.

2020 साली टाळेबंदीत माणशी 5 किलो धान्य मोफत मिळू लागलं, आणि 2023 पासून कायद्यातलं धान्यच मोफत झालं. त्या धान्यावर अनेक घरं तगली. त्याच काळात गावांतून एक व्यवहार नेहमीचा झाला: रेशनचा जास्तीचा तांदूळ विकायचा आणि त्या पैशातून ज्वारी आणायची. नियमाने तो गुन्हा आहे. पाच माणसांच्या घरात महिन्याला 25 किलो धान्य येतं. त्यातला तांदूळ इडली, धिरडी, पापड्यांत घालूनही उरतो, आणि संध्याकाळी म्हातारी माणसं भाकरी मागतात.