भिंगाच्या कडेवरचा नंबर: जुन्या लेन्सवर तो कुठे सापडतो आणि तिथे कसा आला

सोलापुरातल्या जुन्या फोटो स्टुडिओंपैकी बरेच आता बंद झाले आहेत. काहींच्या जागी मोबाइलची दुकानं आली, काहींत झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोपुरतं काम उरलं. मग कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली येते. तिच्यात एखादा यशिका मॅट असतो, एखादा रोलायकॉर्ड, चामड्याच्या केसमधला झेनिट, दोन-तीन सुट्या लेन्स. घरातल्या तरुण मुलांना त्यांचं आकर्षण वाटतं, कारण दोन-तीन हजारांच्या अडॅप्टरवर त्या लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्याला लागतात. पण ही कुठल्या सालची, कुठल्या कारखान्यातली, खरी की बनावट, हे कुणाला विचारायचं? बिल कधीच गेलेलं. घेणारे आजोबाही नाहीत. हातात राहतो तो लेन्सवर कोरलेला पाच ते आठ आकड्यांचा नंबर.

हा नंबर गिऱ्हाइकासाठी कोरलाच नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बरेच घोळ इथूनच सुरू होतात. आपल्याकडे १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने गिरणीच्या कापडावर वाराची लांबी इंग्रजी आकड्यांत छापणं बंधनकारक केलं. १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूरच्या जुन्या मिलच्या थानालाही तो नियम लागू होता. तो आकडा घेणाऱ्याला फसवणूक कळावी म्हणून होता आणि कुठल्याही गिरणीचा असला तरी त्याचा अर्थ एकच होता. लेन्सवरच्या नंबराला असा कुठलाच समान कायदा नव्हता. प्रत्येक कारखान्याने आपल्या वहीतली नोंद जुळावी म्हणून आपापल्या सोयीने तो घातला. म्हणून आधी कारखाना ओळखायचा आणि मग नंबर वाचायचा. उलट्या क्रमाने गेलं की हमखास चुकीचं साल हाती येतं.

सुरुवात पितळेच्या काळात झाली. १८४० साली योझेफ पेत्झवालने पोर्ट्रेटसाठी एक भिंग गणिताने रचलं आणि व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडरने ते बनवायला घेतलं. तोवर फोटोसाठी माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. या भिंगाने तो वेळ एकदम खाली आणला. साहजिकच युरोपभर त्याच्या नकला झाल्या. फोइग्टलेंडरच्या पितळी नळ्यांवर मात्र वळणदार अक्षरांत कंपनीचं नाव, गावाचं नाव आणि शेजारी नंबर कोरलेला असे. १८४९ मध्ये कंपनीने ब्राउनश्वाइगला शाखा काढली, त्यामुळे गावाच्या नावावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. लंडनचे रॉस आणि त्यांचे जावई डालमेयर यांचीही हीच रीत. त्या काळच्या लेन्सचा नंबर शोधायचा तर पुढच्या काचेकडे बघूच नका. नळीच्या अंगावर, नावाच्या ओळीखाली बघा. पितळ वर्षानुवर्षं घासून चकचकीत केलेलं असेल तर अक्षरं पुसट झालेली असतात, तेवढाच त्रास.

कोरण्याचं कामही सोपं नव्हतं. लेस्टरमध्ये १८८६ ला टेलर बंधूंनी सुरू केलेल्या कारखान्याने, म्हणजे पुढच्या टेलर, टेलर अँड हॉबसनने, आपल्या लेन्सवर नीट अक्षरं यावीत म्हणून स्वतःचं कोरणीयंत्र तयार केलं. ते इतकं चांगलं निघालं की पुढे ही यंत्रं विकणं हाच त्यांचा एक वेगळा धंदा झाला. प्रसिद्ध कुक ट्रिप्लेट लेन्स याच कारखान्यातून बाहेर पडत. लेन्सवरची बारीक अक्षरं भिंगाखाली बघताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. तो एवढासा आकडा उमटवण्यासाठी कुणीतरी अख्खं यंत्र उभं केलं होतं.

प्रत्येक लेन्सला वेगळा नंबर देण्याइतकी गरज का पडावी? कारण दोन लेन्स तंतोतंत सारख्या निघतच नसत. काचेच्या प्रत्येक घाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाश किती वळवते त्याचं माप, किंचित वेगळा असतो, त्यानुसार वक्रता जुळवून घ्यावी लागते, आणि शेवटी फोकल लेंग्थ, म्हणजे दूरची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते ते अंतर, थोडी इकडेतिकडे होतेच. लायकाचं उदाहरण घ्या. वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने १९२५ मध्ये लायका बाजारात आणला तेव्हा लेन्स कॅमेऱ्यालाच पक्की होती, त्यामुळे तिला वेगळ्या नंबराची गरज नव्हती. १९३० मध्ये सुट्या होणाऱ्या लेन्स आल्या. त्या एकेका बॉडीशी जुळवून दिल्या जात, म्हणून लेन्सवर त्या बॉडीच्या नंबराचे शेवटचे तीनच आकडे असत. १९३१ मध्ये माउंटचं, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याचं, माप ठरलं, कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीला चालू लागली, आणि तशा माउंटवर खूण म्हणून शून्य कोरलं गेलं. सगळ्या लेन्सना स्वतःचे पूर्ण नंबर त्यानंतर मिळाले. शिवाय पन्नास मिलिमीटरच्या लायका लेन्सवर कधीकधी ‘१६’ असा सुटा आकडा दिसतो. तो सिरियल नंबर नाही. खरी फोकल लेंग्थ ५१.६ मिलिमीटर आहे, एवढंच तो सांगतो.

असे फसवे आकडे जुन्या लेन्सवर बरेच असतात. सोलापुरात स्टुडिओवाल्यांकडे सर्रास सापडणारा दोन भिंगांचा कॅमेरा हातात घेऊन हे नीट बघता येतं. समजा रोलायफ्लेक्स आहे. नावाच्या पट्टीजवळ एक नंबर असतो, तो कॅमेऱ्याचा. वरचं भिंग फक्त बघण्यासाठी, त्याच्या कडेवर त्याचा वेगळा नंबर. खालचं भिंग फोटो घेणारं, टेसार किंवा झेनार नावाचं, त्याच्या काळ्या कडेवर तिसरा. आणि आतल्या कॉम्पुर शटरच्या कडेला चौथा, कारण शटर म्युनिकच्या डेकेल कारखान्यातून यायचं आणि त्यांची वही वेगळी होती. घडीच्या बेलोज कॅमेऱ्यांत हा शटरचा नंबर अगदी ठळक दिसतो, त्यामुळे तोच लेन्सचा समजून लोक सालाचा शोध घेतात आणि पाच-दहा वर्षांनी चुकतात. लेन्सचं वय हवं तर खालच्या भिंगाची कडच वाचायची. तिथेही १:३.५ हे ॲपर्चरचं, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचं, गुणोत्तर, एफ बरोबर ७.५ सेमी ही फोकल लेंग्थ, डीआरपी म्हणजे जर्मन पेटंट. यांपैकी काहीच सिरियल नंबर नाही. ‘एनआर’ किंवा ‘एनओ’ या अक्षरांपुढे, आणि तीही नसतील तर सगळ्यात लांब असा जो सलग आकडा दिसेल, तोच आपल्याला हवा असतो.

झाइसचा इतिहास मात्र सावकाश सांगण्यासारखा आहे. येना गावातल्या कार्ल झाइसने लेन्सच्या सगळ्या प्रकारांना मिळून एकच मालिका ठेवली होती. टेसार असो, सोनार असो, बायोटार असो, नंबर पुढे चालत राहायचा. म्हणून कुठल्याही येना लेन्सचं साल बऱ्यापैकी सांगता येतं. वीस लाखांचा टप्पा १९३७ च्या सुमाराचा. मग युद्ध आलं. लष्करी मालावर कंपनीचं नाव झाकण्यासाठी तीन अक्षरी सांकेतिक खुणा आल्या: झाइस येनासाठी बीएलसी, लाइट्झसाठी बीईएच. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येनात शिरलं. जुलैत गाव रशियनांच्या ताब्यात देण्याआधी त्यांनी निवडक शास्त्रज्ञ आणि कारागीर पश्चिमेकडे नेले, आणि ओबरकोखेनला दुसरं झाइस उभं राहिलं. रशियनांनी येनातली यंत्रं आणि साहित्य नुकसानभरपाई म्हणून आपल्याकडे हलवलं. एका नावाचे दोन कारखाने झाले आणि नंबरांच्या मालिकाही दोन. येनाचा तीस लाखांपुढचा नंबर बहुतेक युद्धानंतरचा समजायचा. पश्चिमेच्या ‘झाइस-ऑप्टन’ लेन्सला तोच तक्ता लावला तर उत्तर चुकणारच. नावाच्या वादामुळे पूर्वेच्या काही लेन्सवर पुढे फक्त ‘आउस येना’ एवढंच आलं. कडेवर लाल ‘टी’ दिसला तर ती खूण कोटिंगची, म्हणजे काचेवरची चकाकी कमी करणाऱ्या पातळ थराची. अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये झाइसमध्येच हा शोध लावला होता.

येनातून गेलेल्या ज्ञानाचा माग आपल्याकडच्या पेट्यांतही लागतो. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यावरची ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स ही झाइसच्या बायोटारवरूनच आलेली. सोव्हिएत कारखान्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून एक फार सोपी रीत धरली: नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे साल. ७९ ने सुरू होत असेल तर १९७९. त्याआधीच्या लेन्सना हा नियम लावू नये. नंबराजवळची छोटी खूण कारखाना सांगते, क्रास्नोगोर्स्कची असेल तर लोलकातून जाणारा किरण दिसतो.

अमेरिकेत कोडॅकने एक गंमतशीर युक्ती केली होती. ‘कॅमेरॉसिटी’ हा इंग्रजी दहा अक्षरांचा शब्द घेतला आणि प्रत्येक अक्षराला आकडा दिला: सी १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. एक्टार लेन्सच्या नंबराआधी ‘ई ओ’ असेल तर ४६, म्हणजे १९४६.

जपानी लेन्स आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि तिथे एकच नियम चालत नाही. निकॉनने प्रत्येक प्रकाराच्या लेन्सला स्वतंत्र सुरुवातीचा आकडा दिला. त्यामुळे निक्कोरचा, म्हणजे निकॉनच्या लेन्सचा, नंबर त्या प्रकारातला क्रम सांगतो, साल थेट सांगत नाही. जुन्या निक्कोरच्या नावापुढचं अक्षर तर सालाशी संबंधितच नाही. क्यू म्हणजे चार भिंगं, पी पाच, एच सहा, एस सात. जागाही बदलली: जुन्या निक्कोरवर नंबर पुढच्या कडेवर होता, नंतरच्या एआय-एस मालिकेतल्या लेन्समध्ये तो मागे ॲपर्चर रिंग आणि माउंटच्या मधल्या पट्टीवर गेला. जुनी सवय असलेला माणूस पुढची कड शोधत बसतो आणि नंबर खोडलाय असं समजतो.

कॅननच्या एफडी मालिकेतल्या आणि नंतरच्या ईएफ मालिकेतल्या पहिल्या लेन्सवर सिरियल नंबराखेरीज मागच्या बाजूला शाईने छापलेला छोटा कोड असतो. पहिलं अक्षर कारखान्याचं, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं वर्षाचं, ए म्हणजे १९६० किंवा छब्बीस वर्षांनी १९८६. पुढे महिना. ‘यू आर’ असेल आणि लेन्स एफडी असेल तर १९७७. मागची बाजू स्पिरिटने जोरात पुसली तर हा कोड कायमचा जातो, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. विव्हिटारचा तर स्वतःचा कारखानाच नव्हता. कॅलिफोर्नियातली ही कंपनी जपानी कारखान्यांकडून माल करून घेई आणि नंबरातच कारखान्याचा कोड टाकी: २२ किनो प्रिसिजन, २८ कोमिने, ३७ टोकिना. पुढचा आकडा सालाचा शेवटचा, त्यापुढचे दोन आठवड्याचे. २८९३५ ने सुरू होणारी लेन्स कोमिनेची, नऊने संपणारं साल, पस्तिसावा आठवडा. ते कुठल्या दशकातलं, हे माउंट बघून ठरवायचं. मला ही सगळ्यात प्रामाणिक पद्धत वाटते, कारण कुणी बनवलं ते ती लपवत नाही.

नंबर म्हणजे पुरावा, असं मात्र सरसकट मानू नये. पुष्कळ लेन्सची नावाची कड आटे सोडवून वेगळी होते. कड बदलली की नंबर कडेबरोबर जातो, काच तीच राहते. खार्किवच्या फेड आणि नंतरच्या झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव आणि लेन्सवर एल्मार हे लाइट्झच्या लेन्सचं नाव कोरून विकण्याचा उद्योग तर जगभर चालला. सोन्याचा मुलामा, युद्धकाळातली चिन्हं असला लायका कुणी कमी भावात दाखवला तर नंबर बघण्याआधी अक्षरांचं वळण बघा. अस्सल लाइट्झची कोरणी खोली आणि रुंदीला एकसारखी असते.

पुसट नंबर वाचायचा तर फिल्टर आणि हूड काढायचा, अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने तिरका धरायचा आणि मोबाइलने मोठा करून फोटो घ्यायचा. कोरलेल्या खाचेतला रंग गेला असेल तर पांढरा मेणखडू हलका फिरवून वरचं पुसून घ्यायचं, आकडे उमटतात. सुईने खरवडू नका. आपल्या उन्हाळ्यात आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पाकळ्यांवर येतं आणि लेन्स दुरुस्तीला जाते. तेव्हा देताना आणि घेताना नंबर ताडून बघायचा.

घरात जुने कागद असतील तर तेही उलगडून बघावेत. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात परदेशी जाणारा माणूस कस्टमकडे कॅमेरा आणि लेन्सचे नंबर नोंदवून दाखला घेत असे, नाहीतर परत येताना स्वतःच्याच वस्तूवर शुल्क भरायची वेळ. अशा दाखल्यावरचा नंबर आणि लेन्सवरचा नंबर जुळला, तर ती वस्तू त्या वर्षी त्या घरात होती एवढं नक्की होतं.

आता नंबर धातूवरून फाइलमध्ये गेला आहे. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची माहिती नोंदवण्याच्या एक्झिफ या पद्धतीच्या २०१० मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीत लेन्सच्या सिरियल नंबरसाठी स्वतंत्र जागा ठेवली गेली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर मोठी टेलिफोटो घेऊन पक्षी टिपणाऱ्या मुलांच्या कॅमेऱ्याने ती जागा भरली, तर प्रत्येक फोटोसोबत लेन्सचा नंबर आपोआप नोंदला जातो. आजोबांची लेन्स अडॅप्टरवर चढवली की ही जागा रिकामी राहते, कारण साध्या अडॅप्टरमधून लेन्स आणि कॅमेऱ्यात काहीच बोलणं होत नाही. अशा फोटोंच्या फोल्डरला नाव देतानाच लेन्सचं नाव आणि कडेवरचा नंबर टाकून ठेवावा.