खनिज शोधायला फुकट सॅटेलाइट डेटा: कोणाला मिळतो, काय लागतं, आणि तारीख का बघायची

खनिज शोधाच्या प्रोजेक्टला लँडसॅट (पृथ्वीची चित्रं घेणारे अमेरिकेचे उपग्रह) किंवा एस्टरचा (नासाच्या उपग्रहावरचं तसंच उपकरण) डेटा लागतो म्हटलं की बरेच जण आधी गाईडचं पत्र, शिक्का, बोनाफाईड गोळा करत बसतात, तर पहिलं सांगते, यातलं काहीच लागत नाही. विद्यार्थी असा, कंपनीत असा, नुसतं शिकायचं असलं तरी चालतं. लँडसॅटचा जुना साठा 2008 पासून सगळ्यांना फुकट झाला, एस्टरचा 2016 पासून. कागदपत्र म्हणाल तर एक चालू ईमेल, बस.

अकाउंट मात्र दोन काढा. लँडसॅटसाठी यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूगर्भ संस्था) अर्थएक्सप्लोरर वेबसाइटवर, तिथे संस्था कोणती, डेटा कशाला हवाय वगैरे विचारतात, खरं ते भरा. एस्टरसाठी नासाचं अर्थडेटा लॉगिन. कन्फर्मेशनचा मेल दिसला नाही तर स्पॅम बघा.

आता खरी गोम. एस्टरचे 6 शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठरावीक तुकडे, प्रत्येकाचं चित्र वेगळं) आपल्या कामाचे सगळ्यात मोलाचे, आणि ते एप्रिल 2008 मध्ये डिटेक्टर तापून बंद पडले, म्हणून सर्च करताना तारीख 2000 ते मार्च 2008 एवढीच टाका, नाहीतर डाउनलोड झाल्यावर कळतं की हवे ते बँडच नाहीत. सेरिसाइटसारखी (बारीक अभ्रक) खनिजं 2.2 मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, तिथेच बँड 6 आहे, म्हणून बँड 5 आणि 7 ची बेरीज भागिले बँड 6 केलं की अशा खनिजांचा भाग चित्रात उजळून निघतो. लँडसॅट 8 चा बँड 7 रुंद आहे, त्यात चिकणमातीची खनिजं आहेत एवढं कळतं, कोणती ते वेगळं काढणं अवघड.

अजून एक, एस्टरच्या फाईलच्या नावात व्हर्जन नंबरनंतर आधी महिना येतो मग दिवस. 05032004 म्हणजे 3 मे, 5 मार्च नाही! सीन (म्हणजे एकेक चित्र) निवडताना ढग कमी आणि कोरडा ऋतू बघा, झाडीखालचा दगड या बँडना दिसत नाही.

आणि कृपा करून उजळ पिक्सेल म्हणजे खनिज सापडलं असं रिपोर्टमध्ये लिहू नका. जीपीएस घेऊन तिथे जा, ताजा तुटलेला दगड भिंगाखाली बघा, नमुना लॅबला द्या. डेटा फुकट मिळाला म्हणून जमिनीवर हातोडा मारायचा हक्क मिळत नाही, जमीनमालकाची परवानगी, जंगल असेल तर वनखात्याची, आणि ड्रिलिंगचा विषय आला तर शोधाचा परवाना, हे सगळं वेगळं आणि निघायच्या आधी लेखी घ्या.