सराट्याच्या काट्यापासून उलट्या आट्याच्या पेडलपर्यंत

पावसाळा सरत आला की सोलापुरात रस्त्यांच्या कडेला आणि मोकळ्या प्लॉटांमध्ये सराटा पसरतो. जमिनीला चिकटून वाढणारा, बारीक पिवळ्या फुलांचा. त्याचं फळ वाळलं की पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे, टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. होटगी रोडला किंवा विजापूर रोडला सायकल जरा डांबराखाली उतरवली की काम झालं.

काटा, ऊन आणि धूळ. आपल्या गावात सायकल बिघडते ती मुख्यतः या तिघांमुळे. हे तिघं सायकलीच्या नेमक्या कोणत्या भागाला काय करतात ते कळलं, तर निम्म्याहून अधिक दुरुस्ती घरच्या अंगणात होते. एक-दोन पाने, पक्कड, पॉलिश पेपर, सोल्युशनची ट्यूब, पॅच आणि हातपंप एवढं सामान पुरे.

पंक्चरपासून सुरुवात करू. त्यासाठी चाक काढायची गरज बहुतेक वेळा नसते. दुकानातले कारागीर करतात तसं टायरची एक बाजू रिममधून सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, थोडी हवा भरायची आणि पाण्याच्या घमेल्यातून फिरवायची. भोक सापडलं की लगेच पॅचला हात घालू नका. आधी भोकाकडे नीट बघा. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, खिळा किंवा काच. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोकांची टोकं झाकणारी रिमची पट्टी सरकलीय किंवा एखाद्या स्पोकचं टोक वर आलंय. तिसऱ्या प्रकारात कितीही पॅच लावले तरी पट्टी बसवल्याशिवाय पंक्चर थांबणार नाही.

काट्याचं पंक्चर असेल तर काटा बहुधा अजून टायरमध्येच असतो. तो न काढता ट्यूब बसवली की चार चौक ओलांडायच्या आत चाक पुन्हा खाली. टायरच्या आतून बोट फिरवण्यापेक्षा जुन्या सुती कापडाचा तुकडा फिरवा. मोडलेलं टोक बोटाला लागत नाही, पण कापडाचा धागा त्यात अडकतो. मग बाहेरून चिमट्याने ओढून काढायचं.

आता पॅच. भोकाभोवतीचा भाग पॉलिश पेपरने घासतात, कारण नव्या ट्यूबवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो आणि जुन्या ट्यूबवर हवेने खराब झालेला थर. दोन्हींवर सोल्युशन धरत नाही. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर. ते ट्यूबवर पसरलं की द्रावक वरच्या थरात शिरतो, तिथलं रबर फुगतं आणि रबराच्या लांबच लांब रेणुसाखळ्या एकमेकींत शिरायला मोकळ्या होतात. पण द्रावक उडून गेल्याशिवाय पॅच दाबला तर तो आतच कोंडतो आणि जोड मऊ राहतो. म्हणून पातळ थर लावून त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं. साधारण पाच मिनिटं, एप्रिल-मेच्या दुपारी त्याहून कमी. घरी केलेले पॅच सुटतात ते फार करून या पाच मिनिटांच्या घाईमुळे. पॅच मधून कडेकडे दाबत न्यायचा, म्हणजे खाली हवा अडकत नाही.

चांगल्या किटमधल्या पॅचची खालची बाजू अर्धवट कच्च्या रबराची असते. सोल्युशनमधल्या त्वरकाच्या (क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाच्या) मदतीने तिथे गंधकाचे बंध तयार होतात आणि पॅच व ट्यूब यांचं जवळजवळ एकच रबर होतं. रबर गंधकाबरोबर तापवलं की टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगलं होतं. इथे तीच क्रिया आच न देता, सावकाश होते. जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा पॅच म्हणून लावला तर ही क्रिया होत नाही, नुसती चिकटण होते. ती हिवाळाभर टिकते आणि उन्हाळ्यात मऊ पडून सरकते. आपल्याकडे चांगल्या पॅचवर चार रुपये जास्त घालावेत, ते वाया जात नाहीत.

पंक्चर नसताना हवा जात असेल तर व्हॉल्व्हकडे बघा. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या बारीक नळीवर रबराची छोटी नळी चढवलेली असते. धातूच्या नळीला बाजूला एक भोक असतं. पंप मारला की हवेच्या दाबाने रबर त्या भोकावरून उचललं जातं, हवा आत जाते. पंप थांबला की आतली हवाच रबराला भोकावर दाबून धरते. हे रबर उन्हाने कडक होऊन चिरतं. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. त्यात बुडबुडा फुगला तर दोष तिथेच. व्हॉल्व्ह ट्यूबचा इंचभर तुकडा बदलला की झालं, आणि तो पाकिटात सुद्धा मावतो.

उन्हाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हवा कमीच मारा मामा, उन्हात फुटते." याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. सकाळी २५ अंशांना चाकात ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) हवा भरली. दुपारी पारा ४२-४३ वर, सायकल उन्हात उभी आणि काळा टायर तापून ६० अंशांवर गेला असं धरू. बंद जागेतल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या केल्विनच्या प्रमाणात वाढतो. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन, ६० अंश म्हणजे ३३३. वाढ सुमारे १२ टक्के. बाहेरच्या हवेचा दाब धरून आतला एकूण दाब जवळपास ६५ होता, तो ७२ च्या आसपास जातो. म्हणजे दाबमापकावर ५० चे साधारण ५७-५८ होतात. धड टायरला एवढी वाढ सहज सोसते. मग फुटतं काय? ज्याची कड झिजून आतले धागे दिसायला लागलेत असा टायर. किंवा बसवताना टायरच्या कडेखाली चिमटलेली ट्यूब. किंवा तो वर सांगितलेला नुसता चिकटवलेला पॅच, गरमीने सुटलेला.

उलट, भीतीपोटी हवा कमी ठेवली की चाक दर फेऱ्याला जास्त दबतं, टायरच्या बाजू सतत वाकतात, दगडावर ट्यूब चिमटते आणि पाय दुखतात ते वेगळंच. टायरच्या बाजूला दाबाचा आकडा छापलेला असतो. त्याच्या मर्यादेत, उन्हाळ्यात चार-पाच पीएसआय खाली राहून हवा भरावी. पेट्रोल पंपावरच्या हवेचा मोह टाळा. मोटारीच्या मानाने सायकलच्या ट्यूबची जागा फारच थोडी, त्यामुळे दाब क्षणात मर्यादेपलीकडे जातो.

उन्हाचा आणि हवेचा खरा त्रास वेगळाच आहे आणि तो हळूहळू होतो. हवेतला ओझोन रबराच्या रेणुसाखळ्या तोडतो आणि ताणलेल्या जागी तर आधी. चाकात हवा नसलेली सायकल महिनोन्‌महिने गच्चीवर उभी राहिली की टायर जिथे दुमडतो नेमक्या तिथेच भेगा पडतात. सायकल वापरात नसली तरी हवा भरून, सावलीत ठेवा.

चेनवर मात्र जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वाधिक चुकीची सेवा तिचीच होते. आज वापरतो त्या धाटणीची रोलर चेन हान्स रेनोल्डने १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये आणली. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती बुश म्हणजे छोटी नळी आणि त्यावर फिरणारा रोलर असतो. तेल लागतं ते पिन आणि बुश यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत. बाहेरच्या पट्ट्यांना ते काही उपयोगाचं नाही. तिथे राहिलेलं तेल आपल्याकडची काळ्या मातीची आणि मुरमाची धूळ पकडून ठेवतं. यंत्रमागाच्या कारखान्यात उभ्या राहणाऱ्या सायकलीवर वर सुताचं तूसही बसतं. धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि तेलात मिसळलेले हे कण पॉलिश पेपरसारखे पिन घासत राहतात.

खात्री करायची असेल तर चेनवरचा काळा चिखल काडीने खरवडून वाटीभर रॉकेलमध्ये ढवळा आणि वाटीच्या बाहेरून लोहचुंबक लावा. काचेला आतून काळी बारीक मिशी चिकटेल. तिच्यात तुमच्या चेनची झीज असते. (वाटी काचेची किंवा प्लॅस्टिकची घ्या. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. दोन्ही चुलीपासून लांब.)

चेन ताणली म्हणतात ती मुळात ताणलेली नसते. पट्ट्यांची लांबी तेवढीच राहते, झिजतात पिना आणि बुश. शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे टेपने मोजल्यास २४ अंतरं बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर भरायला हवीत. हेच ३०८ भरलं तर चेन एक टक्का लांबली. प्रत्येक सांध्यामागे झीज जेमतेम ०.१३ मिलिमीटर, पण एवढ्यानेच ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चकतीचे दात खाऊ लागते. मग चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावं लागतं. ३०६.५ च्या आसपासच चेन बदलली तर तो खर्च वाचतो.

तेल घालायची रीत अशी. जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन चेन घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा आणि पेडल उलटं फिरवत राहा. केशाकर्षणाने तेल फटीत आपोआप शिरतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. पुसणं राहिलं तर सगळी मेहनत वाया.

तेल कोणतं? सोलापुरात घरोघरी शिलाई मशीन आहे, युनिफॉर्म शिवणारं गाव आपलं. मशीनचं पातळ तेल उत्तम शिरतं, फक्त पावसात लवकर धुऊन जातं. खोबरेल नको. ते २४-२५ अंशांखाली गोठतं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे बाटलीत बघाच. शिवाय खाद्यतेलं हवेने चिकट होत जातात. गाडीतून काढलेलं काळं इंजिन ऑइलही नको, त्यात आधीच धातूचा चुरा असतो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये चेनची कार्यक्षमता मोजली गेली. उत्तम स्थितीत पायाची ९८.६ टक्के शक्ती चाकापर्यंत पोचते असं दिसलं, आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर वंगण बदलून फारसा फरक पडला नाही. रस्त्यावर तेल हवं ते मुख्यतः झीज आणि गंज थांबवायला.

ब्रेकचं काम त्या मानाने सरळ. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, वेग ताशी २० किलोमीटर, तर थांबताना सुमारे १२०० जूल ऊर्जा रबर आणि रिममध्ये उष्णता होऊन जाते. हे घर्षणाच्या जिवावर चालतं, म्हणून चेनला तेल घालताना त्यातला थेंब रिमवर उडू देऊ नका. उडालाच तर साबणाने धुवा. रबरावर खाचा उरल्या नसतील तर ते बदला, त्यात काटकसर नको.

स्पोक सैल आहेत का हे बोटाने छेडून कळतं. तारेचा ताण जास्त तेवढा स्वर उंच, तंबोऱ्याचाच नियम. एकाच बाजूच्या स्पोकांतला एखादा भसाडा वाजला तर तो सैल. रिमजवळ स्पोकच्या टोकाला असलेलं निपल (छोटा नट) एका वेळी पाव फेराच फिरवायचं. चाकाचा मोठा आउट असेल, म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे झुकत असेल, तर मात्र कारागिराकडे जा. फ्रेमला किंवा पुढच्या फोर्कला तडा दिसला तर सायकल चालवत नेऊ नका, हातात धरून न्या.

राहिलं पेडल. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. डावं पेडल काढताना नेहमीच्या दिशेने जोर लावून लोक ते आणखी घट्ट करतात. उलट्या आट्यांचं कारण बघायला पेन्सिल मुठीत सैल धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरतं त्याच्या उलट दिशेने पेन्सिल मुठीत स्वतःभोवती वळताना दिसेल. पेडलच्या दांड्यावर पायाचा भार क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांडीच्या) फेऱ्याबरोबर असाच चोहोबाजूंनी फिरत राहतो आणि दांडा आपल्या भोकात अगदी किंचित वळत जातो. डाव्या बाजूला साधे आटे असते तर तो चालवता चालवता सुटला असता. उलट्या आट्यांमुळे तो आवळला जातो. काढताना दिशा पाठ करायची गरज नाही. पाना वर उभा राहील असा लावा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडलं सुटतात. पुन्हा बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच द्या. आटे बरोबर धरले असतील तर पेडल बोटांनीही सहज आत जातं. अडलं तर बाहेर काढून डावं-उजवं तपासा. पेडलच्या दांड्यावर बहुधा इंग्रजी एल किंवा आर कोरलेलं असतं.