'अराजक' हा शब्द आणि मोसमकाठचे पाट

'अराजक माजले' म्हटले की डोळ्यांसमोर लुटालूट आणि जाळपोळ येते. ही भीती जुनी आहे. रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर जमलेले ऋषी वसिष्ठांना हेच सांगतात की राजा नसलेल्या देशात पाऊससुद्धा पडत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र वेगळी आठवण जपलेली आहे. आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड करणाराही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत. पुढे मोह शिरला आणि राजा आला, असे भीष्म सांगतात. म्हणजे राजाशिवाय जगण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. तिच्यापुरता धाक वाटेल असा शब्द तेवढा आपण राखून ठेवला.

युरोपात या शब्दाचा अर्थ उलटवला तो फ्रेंच विचारवंत प्रूदाँने. १८४० साली त्याने स्वतःला उघडपणे अराजकवादी म्हणवून घेतले. त्याच्या लेखी अराजक म्हणजे गोंधळ नव्हे, मालक आणि शास्ता नसलेली व्यवस्था. रशियन सरदारघराण्यातला, भूगोलाचा अभ्यासक असलेला क्रोपोत्किन पूर्व सायबेरियात पाच वर्षे राहिला. माणसे आणि प्राणी टिकतात ते स्पर्धेइतकेच परस्पर साहाय्यावर, हे त्याने १९०२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. मराठीत अभ्यासक या विचाराला 'अराज्यवाद' म्हणतात, आणि तेच नाव मला अधिक नेमके वाटते.

नाशिकला मात्र हा शब्द पोहोचला तो सरकारी आरोप म्हणून. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. इंग्रज सरकार आणि इंग्रजी वृत्तपत्रे अशा तरुणांना सरसकट 'अ‍ॅनार्किस्ट' म्हणत. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातही 'अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे' असेच शब्द होते. पण या तरुणांच्या अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संघटनेसमोर आदर्श होता इटलीच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या मॅझिनीचा. त्यांना राज्य नको होते असे नाही, त्यांना परक्यांचे राज्य नको होते. हा फरक तेव्हाच्या सरकारला सोयीचा नव्हता. आजही तो क्वचितच सांगितला जातो.

त्याच वर्तुळातला एक माणूस पुढे खरोखर अराज्यवादी झाला. मद्रासचे एम. पी. टी. आचार्य लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे भारतीय क्रांतिकारकांच्या वसतिगृहात, सावरकरांचे सोबती होते. १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांत ते होते, पण लवकरच तिथल्या पक्षशाहीला विटून बर्लिनमध्ये अराज्यवाद्यांना जाऊन मिळाले. १९३५ मध्ये भारतात परतले आणि १९५४ मध्ये मुंबईत वारले. गांधीजींनीही फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसच्या सभेत 'मीही अराजकवादी आहे, पण वेगळ्या प्रकारचा' असे सांगितले होते.

आता शहर सोडून नाशिक जिल्ह्यातल्याच सटाण्याकडे यावे लागते. मोसम आणि आरम या गिरणेला मिळणाऱ्या नद्या आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातली पांझरा, यांच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या म्हणजे छोटे पाट. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार मोठे तुकडे पाडलेले असत, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा उसाचा फड कोणता, ज्वारी-गव्हाचा कोणता, पडीक कोणता ठेवायचा, हे गाव मिळून ठरवी आणि दर वर्षी पाळी फिरे. त्यामुळे पाण्याची नासाडी कमी होई आणि जमिनीला विसावा मिळे.

यामागची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्याला आपल्या शेताकडे येणाऱ्या पाण्याचे दार स्वतः उघडता येत नसे. पाटकरी पाट सांभाळी, बारेकरी पाणी पाजी, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार सगळ्यांवर लक्ष ठेवी. ही माणसे गावाने नेमलेली, आणि त्यांचा मोबदला बागायतदारांनीच द्यायचा. पाट साफ करायला सगळ्यांनी उतरायचे. पाणी आटले तर तोटा वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा असा वेगळा राहत नसे, कारण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेची किल्ली इथे आहे. भांडणाचे मूळच बांधणीत छाटलेले होते, म्हणून कचेरीची गरज कमी पडली. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशाच सामाईक व्यवस्था अभ्यासल्या आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या अराज्यवादी नव्हत्या, पण सरकार किंवा बाजार यांखेरीज तिसरी वाट असते हे त्यांनी दाखवून दिले.

सावड, इर्जिक, भिशी या गोष्टीही याच कुळातल्या. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या.

पण या गावाचे गोडवे गाताना मला नाशिकचीच दुसरी एक तारीख अडवते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. गाव स्वतःहून एकमेकांना सांभाळत होते, तर मंदिर आणि पाणवठा कुणासाठी बंद होता? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके म्हटले, त्यामागे हाच अनुभव होता. फडातही बोलण्याचा हक्क जमीनवाल्याचा होता. राखण करणारा जागल्या बैठकीत बरोबरीने बसत होता असे मानणे ही आपली स्वतःचीच फसवणूक ठरेल. राजा नसला तरी जात होती, आणि दंड तीच करत होती.

फड मोडले ते वेगळ्या कारणांनी. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झाले. नदीचे पाणी कधी सुटणार हे पाटबंधारे खाते ठरवू लागले. विहिरींवर मोटारी बसल्या आणि ज्याच्या-त्याच्या पाण्याचा मालक जो-तो झाला. एकाच फडात एकच पीक घ्यायला मग कुणी बांधील राहिले नाही.

विचार मात्र जिल्ह्यातून गेला नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचे पाणी शेपटाकडच्या शेतांपर्यंत पोहोचत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे, पाणीपट्टी स्वतः गोळा करायची आणि वाटप स्वतः करायचे, अशी ही रीत. पुढे साऱ्या धरणक्षेत्रातल्या संस्थांनी मिळून प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने ही वाट राज्यभर खुली केली.

पाटकऱ्याचे काम आता संस्थेचा कर्मचारी करतो आणि हिशेब नोंदवहीत लिहिला जातो. सभासद होण्यासाठी मात्र आजही सातबाऱ्यावर नाव लागते. द्राक्षाच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला आणि जिच्या नावावर गुंठाही नाही अशा बाईला या सभेत खुर्ची नाही.