शस्त्राधिकार पुनःस्थापन (अमेरिका)

अमेरिकेत फेलनीच्या दोषसिद्धीमुळे गमावलेला बंदूक बाळगण्याचा हक्क कायद्याच्या मार्गाने परत मिळणे. फेलनी म्हणजे ढोबळमानाने एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र गुन्हा. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे गौण. त्यामुळे करचुकवेगिरी वा टपालाद्वारे फसवणूक करणाराही दरोडेखोराप्रमाणेच तहहयात निःशस्त्र होतो. बंदी मोडल्यास २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मक्तेदारीविरोधी व अनुचित व्यापारविषयक गुन्हे मात्र व्याख्येतूनच वगळलेले आहेत.

बंदीचे मूळ वादग्रस्त आहे. एका मतानुसार ती संविधानाइतकी जुनी आहे. त्या काळी अनेक फेलनींना देहदंड होता, तेव्हा शस्त्रे काढून घेणे त्याहून सौम्यच ठरते. शिवाय पेनसिल्व्हेनियाच्या संविधान-मान्यता परिषदेतील अल्पमत गटाने १७८७ मध्ये सुचवलेल्या तरतुदीत ‘केलेल्या गुन्ह्यांसाठी’ निःशस्त्रीकरणाला मुभा होती. ही सूचना स्वीकारली गेली नाही, ही बाब या पक्षाच्या मांडणीत सहसा मागे राहते. वकील केव्हिन मार्शल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या मतानुसार सर्व फेलनींना लागू असणारी बंदी विसाव्या शतकातली आहे. केंद्रीय कायद्यांचा क्रम या मताला अधिक अनुकूल दिसतो : १९३८ च्या कायद्याचा रोख हिंसक गुन्ह्यांवर होता, १९६१ च्या दुरुस्तीने हिंसेची अट गेली आणि १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने बंदीला आजचा पाया मिळाला. पुनःस्थापनाचा जुना दाखला म्हणून मॅसॅच्युसेट्सकडे बोट दाखवले जाते. शेजच्या उठावानंतर (१७८६-८७ मधील शेतकऱ्यांचे सशस्त्र बंड) तेथे माफी मिळालेल्या बंडखोरांची शस्त्रे जमा झाली व शांततेने राहिल्यास तीन वर्षांनी ती परत देण्याची सोय ठेवली गेली. अर्थात सशस्त्र बंड हा अहिंसक गुन्हा नव्हे.

केंद्रीय स्तरावर अर्ज करून बंदीतून सूट मिळवण्याची सवलत १९६५ ची असून ती एका कंपनीच्या अडचणीतून आली. विंचेस्टर बंदुकांचा कारखाना ज्या ऑलिन मॅथिसन कंपनीचा विभाग होता, तिने औषधविक्रीतील लाचप्रकरणी गुन्हा कबूल केला. त्यामुळे बंदूकनिर्मितीच धोक्यात आली. ही सवलत व्यक्तींनाही खुली होती व पुढे अर्ज एटीएफ या शस्त्रविषयक केंद्रीय विभागाकडे जाऊ लागले. १९९२ पासून काँग्रेसने व्यक्तींच्या अर्जांवर खर्च करण्यास या विभागाला मनाई केली, कंपन्यांच्या अर्जांवर नाही. बीन खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अर्ज पडून राहणे म्हणजे नकार नव्हे, म्हणून न्यायालयात दादही मागता येत नाही. त्यापूर्वीच्या बीचम निकालाने (१९९४) केंद्रीय गुन्ह्यातील हक्क राज्याच्या आदेशाने परत मिळण्याची वाट बंद केली होती. परिणामी केंद्रीय गुन्ह्यातील दोषींना राष्ट्राध्यक्षांची माफी हाच व्यवहार्य मार्ग उरला.

राज्यांतील दोषसिद्धीबाबत माफी, नोंद रद्द होणे किंवा नागरी हक्क परत मिळणे यांपैकी काहीही झाल्यास केंद्रीय बंदीही उठते. मात्र राज्याने शस्त्रांवर निर्बंध कायम ठेवला असल्यास ती उठत नाही. पद्धती एकसारख्या नाहीत. व्हर्जिनियात नागरी हक्क गव्हर्नर देतो, शस्त्राधिकारासाठी पुन्हा सर्किट न्यायालयात (राज्याचे स्थानिक न्यायालय) जावे लागते. टेक्सासमध्ये सुटकेनंतर पाच वर्षांनी घरात बंदूक ठेवता येते, पण केंद्रीय बंदी तशीच राहते. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, १९७९ च्या अमली पदार्थविषयक अहिंसक गुन्ह्यातील दोषीला राज्याची सरसकट बंदी लावणे अवाजवी ठरवले; त्यानंतर तेथे अशा दोषींसाठी अर्जाची सोय झाली.

शस्त्रे बाळगण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीवरील सर्वोच्च न्यायालयाच्या हेलर निकालात (२००८) फेलनीतील दोषींवरील बंदीला धक्का नसल्याचे म्हटले होते, कारणमीमांसा मात्र दिली नव्हती. २०१९ मध्ये अपील न्यायाधीश असलेल्या एमी कोनी बॅरेट यांनी भिन्नमतपत्रात ‘धोकादायकता’ हीच कसोटी मानली. शस्त्रनिर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत हवेत असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानंतर (२०२२) तिसऱ्या सर्किटने (केंद्रीय अपील न्यायालयाने) अन्न-साहाय्य मिळवण्यासाठी खोटी माहिती दिलेल्या व्यक्तीवर बंदी लागू होत नाही असे ठरवले व डिसेंबर २०२४ मध्ये तेच कायम केले. आठव्या व नवव्या सर्किटांनी उलट भूमिका घेतली.

मार्च २०२५ मध्ये न्याय विभागाने अर्जांचे अधिकार एटीएफकडून ॲटर्नी जनरलकडे परत घेतले. जुलैमध्ये मांडलेल्या नियम-मसुद्यात हिंसक व लैंगिक गुन्ह्यांतील दोषींना सामान्यतः अपात्र धरले आहे.